पूर आणि मजूर

20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. महिनाभरानं, 21 एप्रिलला, तिकडं अमेरिकेत मिसिसिपी नदीचा बांध फुटला. वॉशिंग्टन काउंटी हा कापसाचा मुलूख बुडाला. ग्रीनव्हिलच्या बांधावर सुमारे 13,000 काळे अडकले. गोऱ्या बायकापोरांना बोटीतून हलवलं. काळे गेले तर कापूस कोण वेचणार, म्हणून मळेवाल्यांनी त्यांना सोडलंच नाही. भोवती बंदुका. अंगावर बिल्ला असेल तर रेशन. मदतीची पोती उतरवायलाही तेच, फुकटात.

आम्हाला पाण्यापाशी जाऊ देत नव्हते, त्यांना पाण्यातून निघू देत नव्हते. पूर निसर्गाचा असेल. पण बोटीत कुणी बसायचं हे मालक ठरवतो. मी म्हणतो, गावात पूर आला की पहिला सवाल हाच विचारा.