धरण्याचा हुकूम

गणेशोत्सव संपण्यास एक दिवस उरला असता, 30 ऑगस्ट 1773 रोजी, थकलेल्या तलबेचा गलका करीत गारदी शनिवारवाड्यात शिरले आणि त्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांस ठार केले, हे मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. आणि गारद्यांस दिलेल्या हुकमातील ‘धरावे’ या शब्दात त्यांचे काका राघोबादादा यांच्या पत्नी आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला, हेही त्याच दमात सांगितले जाते. या कथेस भक्कम कागदी आधार नाही. तथापि ती ज्या कोणी प्रथम रचली त्याला फौजदारी कायद्याची उपजत जाण असली पाहिजे, कारण तिच्या पोटात राघोबादादांचा सबंध बचाव साठविलेला आहे: मसलत केली ती धरण्याची, मारण्याची नव्हे.

हा बचाव कितपत टिकावा? पुतण्याला नजरकैदेत टाकून गादी बळकावण्यासाठी ज्यांच्या हाती नंग्या तलवारी दिल्या, ते पगारासाठी तंटणारे भाडोत्री शिपाई. त्यांच्याकडून रक्तपात होणे ही अघटित गोष्ट म्हणता येत नाही. पुढे 1860 च्या पीनल कोडाने हाच विचार 111 व्या कलमात मांडला: अपप्रेरणा एका कृत्याची आणि घडले दुसरेच, तरी ते दुसरे पहिल्याचा संभाव्य परिणाम असेल, तर अपप्रेरकावर त्याचे दायित्व येते. निव्वळ संगनमत हाच स्वतंत्र गुन्हा ठरण्यास मात्र 1913 साल उजाडावे लागले.

त्या दुपारची एक घटका मला याहून अधिक अस्वस्थ करते. नारायणराव धावत जाऊन काकांच्या कमरेस मिठी मारतो. चापाजी टिळेकर आपल्या धन्यावर अंग टाकतो. आणि इतिहासकार ग्रँट डफने दिलेल्या हकिकतीप्रमाणे दादासाहेब मध्ये पडतात, तेव्हा सुमेरसिंग गारदी त्यांना बजावतो की, इतक्या थरास आल्यावर आता माघार नाही, सोडा, नाहीतर तुम्हीही जाल. दादांनी मिठी सोडविली. हकिकत खरी धरली, तर त्यांचे मध्ये पडणे हा कटातून अंग काढून घेण्याचा प्रयत्न खरा. पण आपणच पेटविलेली गंजी आपल्या अंगरख्यास झळ लागताच सोडून जाणाऱ्याला विझविणारा कोण म्हणेल? पीनल कोडातही, चिथावणी एकदा दिली की अपप्रेरणा पुरी होत असे. मागाहूनच्या पश्चात्तापाने ती पुसली जात नसे.

पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांपुढे यातले एकही कलम नव्हते. त्यांनी जबान्या घेतल्या, धागे जुळविले, सुमारे पन्नास असामी कटात गोविल्या, आणि खुद्द पेशवाईच्या वस्त्रांत बसलेल्या राघोबादादांस सांगितले की या पापास देहान्त हेच प्रायश्चित्त. त्यानंतर त्यांनी पुणे सोडले. हुकमात अक्षर कोणते होते, यावर शास्त्रीबुवांचा निवाडा अडला नाही, हे मला विशेष वाटते.

पुढे बारभाईंनी, म्हणजे दादांविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांनी, कारभार हाती घेतल्यावर शास्त्रीबुवा न्यायासनावर परतले आणि हाती लागलेल्या गारद्यांस देहदंड झाला. दादासाहेब मात्र इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि कोणत्याही न्यायासनापुढे कधी उभे राहिले नाहीत. 1782 च्या सालबाईच्या तहात त्यांच्या निर्वाहासाठी दरमहा 25,000 रुपयांची नेमणूक ठरली, आणि पुढच्याच वर्षी कोपरगावी ते वारले.