लिनक्ससाठी ऑडिओ ड्रायव्हर लिहायचाय? सुरुवात रिंग बफरपासून करा

ऑडिओ ड्रायव्हर म्हटलं की अनेकांना वाटतं, तो आवाजाचा एकेक तुकडा उचलून साऊंड कार्डाला देत असेल. बहुतेक कार्डांत हे काम डीएमए करतो, म्हणजे कार्ड मेमरीतून थेट डेटा वाचतं. ड्रायव्हरकडे उरतो तो हिशोब: कार्ड आत्ता कुठपर्यंत पोचलंय? म्हणून नवीन माणसाला मी आधी रिंग बफरच समजावतो.

रिंग बफर म्हणजे मेमरीतला असा पट्टा, जो संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. अ‍ॅप पुढे भरत जातं, कार्ड मागून वाचत येतं. समजा ४८,००० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ आवाज आहे. एक फ्रेम ४ बाइटची, म्हणजे सेकंदाला १,९२,००० बाइट. ४,०९६ फ्रेमच्या बफरचे ४ भाग केले, तर १,०२४ फ्रेमचा एक भाग साधारण २१ मिलिसेकंदांत वाजून संपतो. या भागाला पिरियड म्हणतात. पिरियड संपला की कार्ड इंटरप्ट देतं आणि ड्रायव्हर ती खबर अल्साला, म्हणजे लिनक्सच्या साऊंड व्यवस्थेला देतो. भरलेला बफर सुमारे ८५ मिलिसेकंद पुरतो. तेवढ्यात अ‍ॅपने नवीन डेटा दिला नाही, तर आवाज तुटतो. यालाच अंडररन म्हणतात.

अल्साला तुमच्याकडून मुख्यतः ही फंक्शन्स हवी असतात:

- ओपन: कार्डाला काय जमतं ते सांगणं
- हार्डवेअर पॅरामीटर: ठरलेला रेट, फॉरमॅट, बफर लावणं
- प्रिपेअर: सगळं सुरुवातीच्या स्थितीत आणणं
- ट्रिगर: डीएमए सुरू किंवा बंद करणं
- पॉइंटर: कार्डाची बफरमधली जागा फ्रेममध्ये सांगणं

यात पॉइंटर सगळ्यात नाजूक. फ्रेमऐवजी बाइट परत केले, तर अल्साचा सगळा हिशोब चुकतो. ट्रिगर आणि पॉइंटर नेहमीच्या पद्धतीत अटॉमिक असतात, त्यामुळे तिथे थांबून राहणारं काही करू नका. पिरियड संपल्याचं कळवण्याआधी स्वतःचा स्पिनलॉक सोडा. कारण त्याच कॉलमधून पॉइंटर पुन्हा बोलावला जातो, आणि त्यालाही तोच लॉक हवा असेल तर सिस्टिम अडकते.

सरावासाठी कार्ड विकत घ्यायची गरज नाही. कर्नलमध्येच ‘डमी’ नावाचा ड्रायव्हर आहे, तो इंटरप्टऐवजी टायमरवर चालतो. आधी त्यातलं पॉइंटर फंक्शन वाचा, मग ताकाशी इवाई यांचं अल्सा ड्रायव्हरवरचं मार्गदर्शक उघडा. ते बरंच सोपं वाटेल.