ई-पुस्तकांचे स्वयंप्रकाशन : मंचाची निवड

प्रकाशकाला मध्ये न घेता लेखकाने आपले पुस्तक डिजिटल रूपात स्वतः विक्रीस किंवा वाचनास ठेवणे म्हणजे ई-पुस्तकाचे स्वयंप्रकाशन. त्यासाठी लागणारे ऑनलाइन दुकान, वाचन-ॲप किंवा वितरण-सेवा यांना मंच किंवा प्लॅटफॉर्म म्हटले जाते. कागद, छपाई आणि गोदाम यांचा खर्च इथे नसतो. मात्र मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, किंमत आणि जाहिरात ही प्रकाशकाची सगळी कामे लेखकाच्या अंगावर येतात. पुस्तक कोणत्या वाचकापर्यंत पोहोचेल, विक्रीतला किती वाटा हाती येईल आणि ते दुसरीकडे नेता येईल का, हे बऱ्याच अंशी मंचाच्या निवडीवर ठरते. तिसरा प्रश्न बहुतेक लेखक शेवटी विचारतात. तो सर्वांत आधी विचारायला हवा.

या व्यवहाराला वेग आला तो १९ नोव्हेंबर २००७ नंतर. त्या दिवशी ॲमेझॉनने किंडल हे वाचनयंत्र बाजारात आणले आणि त्याच सुमारास लेखकांना थेट पुस्तक चढवता येईल अशी ‘डिजिटल टेक्स्ट प्लॅटफॉर्म’ ही सेवा सुरू केली. पुढे तिचेच नाव किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, म्हणजे केडीपी, झाले. सुरुवातीला लेखकाला ३५ टक्के रॉयल्टी मिळे. जानेवारी २०१० मध्ये, ॲपलच्या आयपॅडची घोषणा होण्याच्या आठवडाभर आधी, ॲमेझॉनने ७० टक्क्यांचा पर्याय जाहीर केला. स्पर्धा असली की लेखकाचा वाटा वाढतो, याचे हे ठळक उदाहरण आहे. २०१२ मध्ये कोबो या ई-पुस्तक दुकानाची कोबो रायटिंग लाइफ ही स्वयंप्रकाशन-सेवा आली. मार्क कोकर यांनी २००८ मध्ये सुरू केलेले स्मॅशवर्ड्स एकच फाइल अनेक दुकानांत पोहोचवत असे. २०२२ मध्ये ते ड्राफ्ट२डिजिटल या दुसऱ्या वितरण-सेवेत विलीन झाले.

भारतीय लेखकांनी ही वाट किंडलच्याही आधी चोखाळली होती. मुंबईचे अश्विन सांघी यांनी ‘द रोझाबल लाइन’ ही इंग्रजी कादंबरी २००७ मध्ये टोपणनावाने लुलू या अमेरिकी स्वयंप्रकाशन मंचावर काढली. त्यानंतर वेस्टलँड या प्रकाशनसंस्थेने ती भारतात प्रकाशित केली आणि सांघी यांचे नाव देशभर झाले.

मराठी ई-पुस्तकासाठी मात्र किंडलचा रस्ता बराच काळ बंद होता. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये हिंदी, मराठी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम या पाच भारतीय भाषांतील किंडल पुस्तकांचे दालन उघडले, तेव्हा कुठे मराठी लेखकाला जागतिक दुकानात अधिकृत दार मिळाले. त्यामुळे मंच निवडताना पहिली चौकशी भाषेची करावी लागते. एखादी सेवा कितीही नावाजलेली असो, तिच्या अधिकृत भाषासूचीत मराठी नसेल तर चढवलेले पुस्तक नाकारले जाऊ शकते, किंवा वाचकाच्या पडद्यावर जोडाक्षरे फुटलेली दिसू शकतात.

मराठीतली खरी अडचण इथेच आहे, आणि तिच्याबद्दल मंचांच्या माहितीपत्रकांत फारसे काही सापडत नाही. महाराष्ट्रातील डीटीपीचे, म्हणजे संगणकीय अक्षरजुळणीचे, काम वर्षानुवर्षे श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींवर झाले. यातील जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर बसवलेले असतात. छापील पानावर मजकूर सुबक दिसतो, पण फॉन्ट काढून घेतला की उरतो तो इंग्रजी चिन्हांचा खिचडा. ई-पुस्तकाला युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत असलेला, मजकूर लागतो, कारण वाचक अक्षर लहान-मोठे करतो, शब्द शोधतो, फॉन्ट बदलतो. म्हणून जुन्या पुस्तकाची फाइल आधी रूपांतरित करावी लागते आणि चुका याच टप्प्यावर शिरतात. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफार आणि अनुस्वार एकत्र आले की त्यांचा क्रम बिघडतो. ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र सर्वांत आधी बळी पडतो. त्याच्या जागी रफार येतो किंवा हलन्त र सुटा राहतो. रूपांतरानंतर पूर्ण पुस्तकाचे नव्याने मुद्रितशोधन करणे हाच यावरचा भरवशाचा उपाय. हे काम कोणताही मंच लेखकासाठी करत नाही.

फाइलच्या आत पुस्तकाची भाषा मराठी अशी नोंदवणेही महत्त्वाचे असते. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे आहेत, आणि काही फॉन्ट ही भाषानोंद पाहूनच योग्य वळण निवडतात. मुंबईच्या एक टाइप या गटाने तयार केलेल्या मुक्तासारखे मुक्त परवान्याचे फॉन्ट ई-पुस्तकात अंतर्भूत करता येतात. विकत घेतलेल्या फॉन्टचा परवाना फक्त छपाईपुरता असू शकतो, म्हणून तो आधी वाचावा.

फाइलचे सर्वमान्य रूप ईपब. ते वाचकाच्या पडद्याप्रमाणे मजकूर मांडते आणि आज डब्ल्यूथ्रीसी ही आंतरराष्ट्रीय संस्था त्याचे मानक सांभाळते. एके काळी किंडलसाठी मोबी नावाचे वेगळे रूप लागे. केडीपीनेही आता ते मागे टाकले असून ईपब तिथे स्वीकारले जाते. पीडीएफ मराठीत फार लोकप्रिय आहे, पण ते पान छापील आकारात गोठवते. सहा इंची मोबाइलवर ते वाचायचे तर वाचकाला प्रत्येक ओळ बोटाने सरकवावी लागते, आणि असा वाचक दुसऱ्या प्रकरणापर्यंत टिकणे अवघड. गूगल प्ले बुक्स ईपब आणि पीडीएफ दोन्ही घेते, तरी कादंबरी, कथा किंवा ललित गद्यासाठी ईपबच करून घ्यावे. नीट केलेली ईपब फाइल आपल्याजवळ असली की मंच बदलणे काही तासांचे काम ठरते.

पैशाचा हिशेब जाहिरातीतल्या टक्केवारीवर थांबत नाही. केडीपीचा ७० टक्क्यांचा पर्याय ठरावीक किंमतपट्ट्यातल्या पुस्तकांनाच मिळतो. अमेरिकेत हा पट्टा दीर्घकाळ २.९९ ते ९.९९ डॉलर असा होता. त्यातूनही फाइलच्या आकारानुसार दर मेगाबाइटला वहनखर्च कापला जातो. अमेरिकेत तो १५ सेंट आहे. नुसत्या मजकुराच्या कादंबरीला याची झळ लागत नाही. पानोपानी चित्रे असलेल्या बालपुस्तकाचे गणित मात्र यामुळे पार बदलते, आणि वहनखर्च नसलेला ३५ टक्क्यांचा पर्यायच कधी कधी जास्त पैसे देतो.

भारतातील लेखकासाठी याहून मोठी अट वेगळीच आहे. भारतातील ग्राहकांना झालेल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत असावे लागते. ही योजना ९० दिवसांची. त्या काळात पुस्तकाची डिजिटल आवृत्ती दुसऱ्या कोणत्याही दुकानात, ॲपवर किंवा लेखकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवता येत नाही. छापील आवृत्तीला ही बंदी नाही. मुदत आपोआप वाढत राहते, त्यामुळे बाहेर पडायचे असेल तर आठवणीने ते नोंदवावे लागते. १०० रुपयांच्या पुस्तकामागे, कर आणि वहनखर्च बाजूला ठेवला तर, योजनेत ७० रुपये आणि योजनेबाहेर ३५ रुपये असा हा फरक आहे. जगभरच्या दुकानांत पसरण्याचे स्वातंत्र्य अर्धे उत्पन्न सोडून विकत घ्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. अमेरिकेतल्या इंग्रजी लेखकाला आपल्या देशातल्या विक्रीवर अशी सक्ती नाही. मराठी लेखकावर ती लादणे अन्यायाचे आहे, असे इथे स्पष्टपणे नोंदवायला हवे.

सिलेक्टमधली पुस्तके किंडल अनलिमिटेड या वर्गणी-योजनेतही जातात. भारतात ती सप्टेंबर २०१५ मध्ये सुरू झाली. जुलै २०१५ पासून या योजनेत लेखकाला वाचल्या गेलेल्या पानांनुसार मोबदला मिळतो आणि पानाचा दर महिन्यागणिक बदलतो. त्यामुळे वाचकाला पुढे ओढत नेणारी रहस्यकथा किंवा कादंबरीमाला इथे चांगली चालते. अधूनमधून उघडायचा कवितासंग्रह किंवा संदर्भग्रंथ मागे पडतो. नव्या लेखकाने पहिले ९० दिवस सिलेक्टमध्ये राहून वाचकांच्या प्रतिक्रिया मिळवणे आणि मग पुस्तक मोकळे करणे, हा मार्ग बहुतेक वेळा शहाणपणाचा ठरतो.

गूगल प्ले बुक्स अशी अनन्य विक्रीची अट घालत नाही. त्याच्या जुन्या करारात लेखकाचा वाटा ५२ टक्के होता. नव्या करारात अनेक देशांतील विक्रीवर तो ७० टक्के आहे. अँड्रॉइड मोबाइल महाराष्ट्रात खेड्यापाड्यांत पोहोचलेला असल्याने हे दुकान वाचकाच्या खिशातच असते. तिथे पुस्तक शोधणारे वाचक मात्र थोडे, म्हणून लेखकाला दुवा स्वतः पोहोचवावा लागतो. एका ठिकाणी किंमत उतरवली तर ॲमेझॉन आपल्या दुकानातली किंमतही तिच्याशी जुळवू शकते, हे लक्षात ठेवून सगळीकडे एकच किंमत ठेवणे बरे.

मराठीपुरते पाहिले तर पुण्याचे बुकगंगा हे सर्वांत ओळखीचे नाव. मंदार जोगळेकर यांच्या या संस्थेने छापील पुस्तकांबरोबरच मराठी ई-पुस्तके विकायला सुरुवात केली आणि देशोदेशीच्या मराठी वाचकांना एक पत्ता दिला. इथे येणारा ग्राहक मराठी पुस्तकच शोधत असतो, ही मोठी जमेची बाजू. बंगळुरूचे पोथी डॉट कॉम २००८ पासून मागणीनुसार छपाईची सेवा देते आणि ई-पुस्तकेही विकते. ज्याला दोन्ही रूपे एकाच ठिकाणी हवी आहेत त्याने तिथे चौकशी करावी. चेन्नईची नोशन प्रेस याच क्षेत्रातली. छपाई आणि जाहिरातीच्या महागड्या पॅकेजांवर सही करण्याआधी दुसऱ्या एखाद्या लेखकाचा अनुभव विचारून घ्यावा, हे अशा सर्वच सेवांना लागू आहे.

२०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या प्रतिलिपीचा मामला निराळा. तिथे पुस्तक विकण्यापेक्षा कथा भागाभागांनी लिहिली जाते, वाचक प्रत्येक भागाखाली प्रतिक्रिया देतात आणि लेखकाला अनुयायी मिळतात. बारा भारतीय भाषांत चालणाऱ्या या मंचावर मराठीचा मोठा राबता आहे. दिवाळी अंकांकडे कधी न वळलेल्या अनेकजणी इथे रोज लिहितात आणि त्यांना नियमित वाचक आहेत. मुंबईचे स्टोरीमिरर आणि अहमदाबादचे मातृभारती यांवरही मराठी लेखन चालते. पैसे न मागता केवळ वाचक हवे असतील तर ठाण्याचे ई साहित्य प्रतिष्ठान आहे; त्याने मराठी पुस्तके विनामूल्य पीडीएफ रूपात हजारो वाचकांपर्यंत पोहोचवण्याचे काम निष्ठेने केले आहे.

मंच मोठा आहे म्हणून तो टिकेलच असे नाही. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये ई-पुस्तकांचे दुकान थाटले आणि २०१५ च्या अखेरीस ते बंद करून ग्राहकांना कोबोकडे वळवले. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१९ मध्ये आपले पुस्तक-दुकान बंद केले; वाचकांना पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेली पुस्तके त्यांच्या यंत्रांवरून नाहीशी झाली. क्रमशः कथांसाठीचे ॲमेझॉनचे किंडल वेला २०२१ मध्ये अमेरिकेत आले आणि २०२५ मध्ये गुंडाळले गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ॲमेझॉनने आपल्या मालकीचे वेस्टलँड प्रकाशन बंद करण्याचे ठरवले, तेव्हा तर चांगली खपणारी छापील पुस्तकेही एकदम पोरकी झाली; प्रतिलिपीने त्याच वर्षी वेस्टलँडच्या चमूला पुन्हा उभे केले. म्हणून युनिकोड संहिता, ईपब फाइल, मुखपृष्ठाची मूळ प्रत आणि चित्रकाराशी झालेला लेखी करार या चार गोष्टी लेखकाच्या स्वतःच्या संगणकावर, आणि आणखी एका सुरक्षित जागी, असल्याच पाहिजेत.

आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख-क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. किंडलवरील ई-पुस्तकाला तो बंधनकारक नाही, ॲमेझॉन स्वतःचा क्रमांक देते; पण ग्रंथालये आणि इतर दुकानांसाठी तो घेऊन ठेवणे उपयोगी पडते. करांचा भाग किचकट आहे. अमेरिकेतील विक्रीवर तिथला ३० टक्के कर कापला जातो. पॅन क्रमांकासह करविषयक माहिती नीट भरली तर भारत-अमेरिका करारामुळे तो १५ टक्क्यांवर येतो. भारतात छापील पुस्तक जीएसटीमुक्त आहे. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावरचा दर जुलै २०१८ मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला. ही सवलत ठरवताना केवळ डिजिटल रूपात निघणारे पुस्तक बाहेर राहिले, आणि नवा लेखक नेमका तेच काढत असतो.

हक्कांच्या बाबतीत कायदा लेखकाच्या बाजूने बराच बोलतो. प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, करार झाला तेव्हा अस्तित्वात नसलेल्या किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाचे हक्क, त्याचा स्पष्ट उल्लेख केल्याशिवाय हस्तांतरित होत नाहीत. जुने छापील पुस्तक स्वतः ई-रूपात काढू पाहणाऱ्या लेखकाने आपला प्रकाशन-करार या दृष्टीने जाणकाराला दाखवावा. हक्क-हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. अमेरिकी लेखक ह्यू हाउई यांनी ‘वूल’ ही कादंबरी २०११ मध्ये किंडलवर स्वतः आणली. ती गाजल्यावर त्यांनी सायमन अँड शूस्टरला फक्त छापील आवृत्तीचे हक्क दिले आणि ई-पुस्तक स्वतःकडे ठेवले. मोठ्या प्रकाशकाशीही असा करार होऊ शकतो, मात्र त्यासाठी सही करण्याआधी ई-आवृत्ती, श्राव्य आवृत्ती आणि अनुवाद यांचे हक्क वेगवेगळ्या कलमांत लिहून घ्यावे लागतात.