केबिन एअर फिल्टर : घरच्या घरी बदल

मोटारीच्या केबिनमध्ये येणारी हवा गाळणारा केबिन एअर फिल्टर इंजिनाच्या फिल्टरहून वेगळा असतो. तो धुळीने तुंबल्यास एसीचा झोत मंदावतो, कुबट वास येतो आणि पावसाळ्यात काचांवरचे धुके लवकर हटत नाही. बहुतेक मोटारींत तो ग्लोव्ह बॉक्समागे असतो. इंजिन बंद करून बॉक्स रिकामा करावा, त्याच्या बाजू आत दाबून तो खाली उतरवावा आणि झाकण काढून फिल्टर अलगद ओढावा. जुन्यावरील बाणाची दिशा पाहून नवा तसाच बसवावा. कागदी फिल्टर धुऊ नये. साधारणतः वर्षातून एकदा तो बदलावा. धुळीच्या शहरात त्याआधीच. मात्र कोणताही केबिन फिल्टर कार्बन मोनॉक्साईड अडवत नाही. बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू ठेवून एसीत बसणे जिवावर बेतू शकते.