१,७६,६३,१९,०४९

एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. एखाद्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी अट घातली तर शून्य सोडून सर्वांत लहान उत्तर म्हणजे २२,६१,५३,९८०. आणि येणाऱ्या वर्गाचे मूळ म्हणजे ही संख्या. भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’च्या (११५०) ‘बीजगणित’ या भागात ही जोडी काढून दाखवली. या प्रकारच्या समीकरणाला ते वर्गप्रकृती म्हणतात. त्यात ६१ ही प्रकृती, जोडीतील लहान संख्या कनिष्ठ, मोठी ज्येष्ठ आणि मिळवायचा आकडा क्षेप.

उत्तर एवढे मोठे असेल याचा सुगावा ६१ कडे पाहून लागत नाही. शेजारच्या ६० साठी ४ व ३१, ६२ साठी ८ व ६३ एवढ्यात काम भागते. ६१ साठी मात्र कनिष्ठ १ पासून एकेक संख्या तपासत गेल्यास साडेबावीस कोटींहून अधिक वेळा वर्ग करावे लागतील. एका जोडीवरून पुढची जोडी काढत जाणारी भास्कराचार्यांची चक्रवाल रीत हे अंतर मोजक्या पायऱ्यांत कापते, आणि तिचे खरे सौंदर्य इथेच दिसते. ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने जास्त, म्हणून सुरुवात कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३ अशी. योग्य गुणक ७ घेतला की कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९, क्षेप उणे ४ मिळतो. दोन्ही मुळे, म्हणजे कनिष्ठ व ज्येष्ठ, निम्मी केली की क्षेप उणे १ होतो, पण मुळे अपूर्णांकांत जातात. ब्रह्मगुप्ताने (६२८) दिलेल्या भावनेने, म्हणजे दोन उत्तरांवरून तिसरे घडवण्याच्या नियमाने, ती पुन्हा पूर्णांकांत येतात: कनिष्ठ ३,८०५, ज्येष्ठ २९,७१८, क्षेप उणे १. या जोडीची स्वतःशीच भावना केली की इष्ट उत्तर हाती येते.

या घडणीची खूण सुरुवातीच्या संख्येच्या दोन्ही शेजाऱ्यांवर उमटली आहे. तिच्यातून १ वजा केल्यास २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट येते. १ मिळवल्यास ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट. ती अविभाज्य नाही: १,५२३ × ११,५९,७६३. तिला २२,६१,५३,९८० ने भागल्यास ६१ चे वर्गमूळ इतके अचूक मिळते की फरकात दशांशचिन्हानंतर सतरा शून्ये येतात.

भास्कराचार्यांनंतर पाच शतकांनी, १६५७ मध्ये, फ्रान्समध्ये पिएर द फर्मा यांनी हाच ६१ चा प्रश्न गणिती फ्रेनिक्ल यांना घातला. पुढे ऑयलर यांच्या चुकीमुळे या समीकरणाला गणिती जॉन पेल यांचे नाव चिकटले. त्या नावाला आधार नाही. असे उत्तर पूर्ण वर्ग नसलेल्या प्रत्येक प्रकृतीसाठी असतेच, हे लाग्रांज यांनी अठराव्या शतकात सिद्ध केले. ‘बीजगणिता’चा कोलब्रुककृत इंग्रजी अनुवाद १८१७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला.

भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.