वेल्यो टॉर्मिस आणि रेगिलाउल: प्रस्तावना

एस्टोनियाच्या लोकगीतांची ओळख करून घेणाऱ्या मराठी वाचकाने वेल्यो टॉर्मिस (१९३०–२०१७) या संगीतकारापासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

टॉर्मिसचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि गावातला गायकवृंद चालवत, त्यामुळे समूहगायन घरातच होते. टालिनमध्ये आणि नंतर मॉस्कोत संगीतकार शेबालिन यांच्याकडे त्याचे रीतसर शिक्षण झाले. पण त्याला त्याची वाट दाखवली ती ‘रेगिलाउल’ने. ही एस्टोनियाची प्राचीन गानपद्धती. ओळ साधारण आठ अक्षरांची, अनुप्रासाने बांधलेली. चाल मोजक्या स्वरांत फिरणारी. पुढची बाई ओळ म्हणते, मागच्या तिच्या शेवटच्या अक्षरांवरच सूर धरतात आणि तीच ओळ पुन्हा गातात. आपल्या पोवाड्यातल्या झीलकऱ्यांची इथे आठवण व्हावी. एकोणिसाव्या शतकात यमकांची नवी गाणी आली आणि रेगिलाउल मागे पडले.

लोकधून उचलून तिच्यावर साज चढवणारे संगीतकार युरोपात पुष्कळ झाले. टॉर्मिसचे वेगळेपण असे, की तो धून बदलत नाही. ती तशीच पुन्हापुन्हा येते. भोवतीचे स्वर तेवढे दाटतात, विरळ होतात. लोकसंगीताचा वापर मी करत नाही, तेच माझा वापर करून घेते, असे तो म्हणे. ही केवळ विनयाची भाषा नव्हे, ही त्याची रचनापद्धतीच आहे. ‘लोखंडाला शाप’ (१९७२) या रचनेत तर शामानी (मांत्रिकाच्या) ढोलाच्या ठोक्यावर जुना मंत्र चढत चढत आधुनिक शस्त्रांच्या नावांपर्यंत येतो.

त्याचे सर्वांत मोठे काम मात्र ‘विस्मृत लोक’ ही सहा भागांची गीतमालिका (१९७०–८९). लिव्होनियन, व्होटिक, इझोरियन, इंग्रियन, वेप्सियन, कारेलियन हे एस्टोनियनांचे भाषाभगिनी समाज. त्यांपैकी काहींच्या भाषा बोलणारे तेव्हाच अगदी थोडे उरले होते. लिव्होनियन ही मातृभाषा म्हणून बोलणारी शेवटची व्यक्ती २०१३ मध्ये वारली. म्हणून या मालिकेकडे कलाकृती म्हणून पाहा, तसेच दस्तऐवज म्हणूनही. वसंतात पक्ष्यांना जागवण्याचे लिव्होनियन गाणे तिच्यात आहे; ते ज्या चालीरीतीचा भाग होते, ती समजून घेतल्याशिवाय त्याचा अभ्यास पुरा होत नाही.

स्वरलिपी वाचता येत नसेल तरी अडू नका. आधी टॉर्मिसची ‘एस्टोनियन पंचांगगीते’ ऐका, मग पुढची प्रकरणे वाचा.