योनागुनीच्या पाण्याखालच्या पायऱ्या

बोटीच्या कडेवर पाण्याकडे पाठ करून बसा, मास्क हाताने दाबून धरा आणि मागे झोकून द्या. साल १९८६. बेट योनागुनी, जपानचं अगदी पश्चिम टोक. तैवान इथून जेमतेम ११० किलोमीटरवर आहे, टोकियो जवळजवळ दोन हजार. तुमच्या पुढे पोहताहेत किहाचिरो अराताके, बेटावरचेच डायव्हर. हिवाळ्यात या पाण्यात हॅमरहेड शार्कच्या झुंडी येतात आणि त्या पाहण्यासाठी ते नव्या जागा धुंडाळताहेत.

कुरोशिओचा प्रवाह तुम्हाला बाजूला ओढतो. तुम्ही खडक धरून उतरता. पाच मीटरवर सपाट माथा लागतो. त्याच्या कडेवरून खाली डोकावता आणि अराताके का थबकलेत ते कळतं. पायऱ्या! काटकोनी कडा, रुंद ओटे, सरळ भिंती, थेट २५ मीटरवरच्या तळापर्यंत. कुणी बांधलं असेल हे?

चला, पाणी उतरवू. दहा हजार वर्षं मागे. हिमयुग सरत आलंय, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे ४० मीटर खाली आहे आणि हा सगळा खडक कोरडा, उन्हात उभा आहे. सिलिंडर काढून ठेवा, चढायला लागा. काही पायऱ्यांना हात टेकून अंग वर खेचावं लागतं, काहींवर पाऊलही धड मावत नाही. र्‍युक्यु विद्यापीठाचे सागरी भूवैज्ञानिक मासाआकी किमुरा यांनी वर्षानुवर्षं बुड्या मारून इथे रस्ते, तटबंदी, देवळं ओळखली. आधी त्यांनी वय दहा हजार वर्षं धरलं, पुढे दोन-तीन हजारांवर आणलं. त्यांच्या चिकाटीपुढे मी नमतो, पण त्यांचं अनुमान मला पटत नाही.

का, ते पाहायला आणखी मागे चला, दोन कोटी वर्षं. तुमच्या भोवती गढूळ पाणी आहे आणि तळाशी वाळू-चिखलाचे थर एकावर एक आडवे बसताहेत. ते दबून वालुकाश्म होतात. पुढे भूकंपांच्या हिसक्यांनी या खडकाला उभ्या, समांतर भेगा पडतात. त्यांना भूवैज्ञानिक सांधे म्हणतात. आडवे थर आणि उभे सांधे जिथे छेदतात, तिथे खडक आपोआप चौकोनी ठोकळ्यांत विभागला जातो. लाट एकेक ठोकळा उचकटून नेते आणि मागे उरतो तो काटकोन. बॉस्टन विद्यापीठाचे रॉबर्ट शॉक यांनीही १९९७ मध्ये इथे बुडी मारली आणि ही रचना मुख्यतः निसर्गाचीच असल्याचं मत दिलं.

मला तर यामुळे ती जागा जास्तच थोर वाटते. हरवलेल्या नगरीच्या गोष्टीला एखादा राजा पुरतो. इथे मात्र कोट्यवधी वर्षांचा गाळ, हादरे आणि लाटा लागल्या.

आता आजच्या काळात, बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर या. या जागेचं नाव सान्निनुदाई. त्याच जातीचा खडक, तसेच ओटे, तशाच पायऱ्या, आणि लाटा तुमच्या डोळ्यांसमोर त्यांच्यावर आदळताहेत. योनागुनीला गेलात तर आधी इथे तासभर बसा, मगच पाण्यात उतरा. आणि तिथला प्रवाह जबरदस्त असतो, तेव्हा डायव्हिंगचा पुरेसा अनुभव नसेल तर उतरूच नका.